चाबकाशेजारचा वैद्य

चाबकाला गाठ नसावी. फटका जीव जाईल इतका जोराचा नसावा आणि लागणारच नाही इतका हलकाही नसावा. सगळे फटके एकाच जागी पडू नयेत. डोके, चेहरा आणि गुप्तांग वगळावे. गुन्हेगार आजारी असेल तर तो बरा होईपर्यंत थांबावे. बाई गरोदर असेल तर ती बाळंत होऊन तिच्या अंगात ताकद येईपर्यंत थांबावे. कडाक्याच्या थंडीत किंवा तापत्या उन्हाळ्यात चोराचा हात तोडू नये, कारण अशा हवेत तो दगावण्याची भीती असते. आणि हात तोडल्यावर जखम लगेच डागावी, म्हणजे रक्त थांबेल.

हे नियम हनफी न्यायशास्त्राचे आहेत. बाराव्या शतकात मध्य आशियातल्या मर्गीनानी या पंडिताने ‘हिदाया’ या ग्रंथात ते मांडले. पुढे पाचशे वर्षांनी औरंगजेबाच्या आज्ञेने ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा प्रचंड ग्रंथ तयार झाला, त्यात हीच परंपरा आली. १६६७ च्या सुमारास हे काम सुरू झाले आणि पुढची काही वर्षे चालले. शेख निजाम या बऱ्हाणपूरच्या विद्वानाकडे त्याची सूत्रे होती. ग्रंथ अरबीत होता आणि काजी-मुफ्तींच्या हाताशी राहावा हा त्याचा हेतू होता.

ज्या बादशहाने हा ग्रंथ करवून घेतला, त्याचे उमेदीचे दिवस आपल्या दख्खनेत गेले होते. १६३६ मध्ये तो पहिल्यांदा दख्खनचा सुभेदार झाला, १६५२ मध्ये दुसऱ्यांदा. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला त्याच्यामुळेच औरंगाबाद हे नाव पडले. १६८२ मध्ये तो पुन्हा या शहरात आला, आणि दख्खनेत राहिला तो कायमचाच. उत्तरेत परत गेला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि खुलताबादेत त्याला दफन केले. इस्लामी दंडशास्त्रात शरीरावरच्या शिक्षेचा विचार कसा झाला आणि प्रत्यक्षात तिचे काय झाले, हे पाहायचे तर या शहराइतकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराइतकी, जवळची जागा दुसरी नाही.

या शास्त्रात शिक्षांचे तीन थर होते. पहिला हुदूद, म्हणजे धर्मशास्त्राने ठरवून दिलेल्या शिक्षा. मद्यपानाला ८० फटके, व्यभिचाराचा खोटा आरोप केल्यास ८०, अविवाहितांच्या व्यभिचाराला १००, विवाहितांना दगडांनी ठार मारणे, चोरीला उजवा हात मनगटापासून तोडणे. दुसरा थर किसास, म्हणजे खून आणि इजा यांचा बदला किंवा रक्तद्रव्य; त्यात मृताच्या वारसांना माफीचा अधिकार होता. तिसरा ताजीर, जिथे काजी आपल्या विवेकाने शिक्षा ठरवी. या तिन्हींच्या बाहेर राज्यकर्त्याची ‘सियासत’ होती. राज्याच्या रक्षणासाठी त्याला हवी ती शिक्षा देण्याची मुभा.

हुदूदच्या शिक्षा जितक्या कठोर, तितक्याच त्यांच्या अटी कडक. चोरी सिद्ध व्हायला दोन साक्षीदार हवेत. माल दहा दिरहमांहून कमी किमतीचा नको, तो राखणीच्या जागेतून गेलेला हवा. नासणारा माल, फळफळावळ, जवळच्या नातेवाइकाच्या घरातली वस्तू यांसाठी हात तोडता येत नाही. कबुली दिलेला माणूस ऐनवेळी फिरला तर हद्द, म्हणजे हुदूदची शिक्षा, टळते. थोडीशी शंका निघाली तरी टळते. शरीराचा विचारही असाच सूक्ष्म आहे. चोराचा डावा हात आधीच लुळा असेल, किंवा त्याचा अंगठा तुटलेला असेल, तर उजवा तोडायचा नाही, कारण मग त्याला काहीच धरता येणार नाही. दुसऱ्या चोरीला डावा पाय जातो. पण तिसऱ्यांदा हनफी पंडित अवयव तोडत नाहीत, पश्चात्ताप होईपर्यंत कैदेत ठेवतात. खायला एक हात आणि चालायला एक पाय माणसाजवळ राहिलाच पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हे वाचताना त्या पंडितांबद्दल आदर वाटतो आणि त्याच वेळी अंगावर काटा येतो. माणूस मरता कामा नये, पंगू झाला तरी पार निकामी होता कामा नये, याची त्यांना खरीच काळजी होती. पण ही काळजी शिक्षेच्या चौकटीत राहून केलेली होती. गाठ नसलेला चाबूकही चाबूकच असतो. तोडलेले मनगट डागणे हा वैद्यकाचाच उपाय. सोळाव्या शतकात युरोपातले शल्यवैद्यही बंदुकीच्या जखमांत उकळते तेल ओतत. आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने १५३७ च्या लढाईत तेल संपले म्हणून साधा लेप लावला आणि तेल न ओतलेल्या जखमा चांगल्या भरतात हे त्याच्या लक्षात आले. पारेपुढचा माणूस रणांगणावर जखमी झालेला होता. काजीपुढची जखम काजीच्याच हुकमाने होणार होती, आणि जखम करणारा व बांधणारा एकाच बाजूला उभे होते. पुढच्या तीनशे वर्षांची सगळी नैतिक अडचण इथेच आहे.

व्यवहारात मोगल अंमल या ग्रंथाबरहुकूम चालत होता असे मानण्याचे कारण नाही. औरंगजेबाने १६७२ मध्ये गुजरातच्या दिवाणाला पाठवलेले एक फर्मान ‘मिरात-ए-अहमदी’ या गुजरातच्या इतिहासग्रंथात नोंदले आहे, इतिहासकार जदुनाथ सरकारांनी त्याचा परिचय करून दिला आहे. कैदी विनाकारण कोठडीत पडून राहू नयेत, गुन्ह्यानुसार त्यांचा लवकर निकाल लागावा, हा त्याचा उद्देश. त्यातल्या तेहतीस कलमांत चोर, दरोडेखोर, खोटी नाणी पाडणारे, विष घालणारे असे नाना गुन्हेगार येतात. त्यांतल्या अनेकांसाठी मार आणि पश्चात्ताप होईपर्यंत कैद अशीच शिक्षा सांगितली आहे. हात तोडण्याचा नियम पुस्तकात राहिला, पण व्यवहारात तुरुंग आणि ताजीर यांनी बरीच जागा घेतली होती.

सियासतीला मात्र कुठल्याच अटी नव्हत्या. तिची सर्वांत भीषण साक्ष महाराष्ट्राच्या मनात कायमची कोरलेली आहे. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरात मोगल सरदार मुकर्रबखानाने छत्रपती संभाजी महाराजांना पकडले. पेडगावच्या बहादूरगडावर बादशाही छावणीत त्यांना आणि त्यांचे सोबती कवी कलश यांना आणले, त्यांची धिंड काढली. मग महाराजांचे डोळे काढले आणि ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी, तुळापूर-वढूच्या परिसरात, हालहाल करून त्यांना मारले. छळाचा क्रम आणि तपशील फारसी व मराठी साधनांत वेगवेगळे आहेत. तो वाद अभ्यासकांचा. फारसी इतिहासकार या वधामागे धर्मशास्त्र्यांच्या निवाड्याचा आधार सांगतात. पण ज्या हनफी शास्त्राचा कोश याच बादशहाने करवून घेतला होता, ते शास्त्र कैद्याच्या देहाची विटंबना निषिद्ध मानते. गाठ नसलेल्या चाबकाचा नियम लिहिणाऱ्या पंडितांचा ग्रंथ पूर्ण होऊन पंधरा-वीस वर्षे झाली होती. बादशहाच्या सूडापुढे तो नियम उभा राहू शकला नाही. शास्त्रातली दया सत्तेला बांधून ठेवू शकत नाही, हे इथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. २०२३ मध्ये शहराचे नाव बदलले आणि ज्या राजाचा देह या सत्तेने छिन्नविच्छिन्न केला त्याचे नाव शहराला मिळाले.

यात एकट्या मोगलांना वेगळे काढून चालणार नाही. पेशवाईतही चोर-दरोडेखोरांचे हातपाय तोडण्याच्या शिक्षा होत होत्या. हत्तीच्या पायी देणेही होते. इंग्लंडात त्याच काळात किरकोळ चोरीसाठी माणसे फासावर चढत होती. गुन्ह्याचा हिशेब शरीरावर चुकता करायचा, ही सगळ्या जुन्या राज्यांची समान रीत होती.

आणि अशा शिक्षा जिथे नित्याच्या, तिथे त्या दुरुस्त करणारी माणसेही तयार होत. १७९२ च्या सुमारास इंग्रज, निजाम आणि मराठे मिळून टिपू सुलतानाशी लढत होते. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी नोंदीत त्याचे नाव कावसजी असे आले आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. हा काजीचा निवाडा नव्हता, शत्रूच्या फौजेची दाणावैरण तोडण्यासाठी घातलेली दहशत होती. कावसजी श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परतला. कंपनीने त्याला पेन्शन दिले. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने, ज्याची जात इंग्रजी वृत्तांतात वीटकाम करणाऱ्याची म्हणून सांगितली आहे, त्याला नवे नाक बसवले.

ही शस्त्रक्रिया थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज सर्जननी डोळ्यांनी पाहिली. तिचे वर्णन ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. आधी मेणाचे नाक तयार करून ते तुटलेल्या जागेवर बसते का पाहिले. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवले आणि कडेने रेघ ओढली. तेवढी कातडी सोलून काढली, पण दोन डोळ्यांमधला पट्टा तसाच जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त वाहत राहील. कातडी उलटी फिरवून नाकाच्या जागी बसवली. वरून काथ पाण्यात कालवून कापडाच्या घड्यांवर लावला. चार दिवस तोच लेप. नंतर तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस रोग्याला उताणे झोपवून ठेवले. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घातले. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टा कापला. हे वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये जिवंत माणसावर ती शस्त्रक्रिया करून दाखवली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात पुण्याच्या त्या माणसाची कला येते. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

याच सुमारास कलकत्त्यात कायदा बदलत होता. बंगालमध्ये कंपनीची फौजदारी न्यायालये मुसलमानी कायद्यानेच चालत. मौलवी फतवा देत आणि न्यायाधीश तो अमलात आणत. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेने ‘हिदाया’चा इंग्रजी अनुवाद झाला, तो १७९१ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने अंगच्छेद बंद केला. फतव्यात दोन अवयव तोडण्याची शिक्षा असेल तर १४ वर्षे सक्तमजुरी, एक अवयव असेल तर ७ वर्षे, असा दर ठरला आणि १७९३ च्या रेग्युलेशनमध्ये तो कायम झाला. मौलवीचा फतवा राहिला, शरीर सुटले. बदल मोठा होता. पण कंपनी हे निव्वळ भूतदयेने करत होती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. वारसांच्या माफीने खुनी सुटतो, काटेकोर पुराव्यामुळे दरोडेखोर सुटतो, ही तिची तक्रार जुनी होती. तिला फाशी जास्त सहज देता यावी असे वाटत होते. हात तोडणे तिने थांबवले आणि फासाचा दोर सैल सोडला.

महाराष्ट्रात पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या राजवटीत १८२७ चे मुंबई रेग्युलेशन आले. त्यात अंगच्छेद नव्हता, पण फटके होते. गव्हर्नर जनरल बेंटिंकने बंगालमध्ये १८३४ मध्ये फटक्यांची शिक्षा बंद केली, १८३५ मध्ये हिंदी शिपायांच्या फौजेतही. फौजेत ती १८४५ मध्ये परत आली. मेकॉलेच्या मसुद्यावरून झालेली भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली तेव्हा तिच्यात फटक्यांना जागा नव्हती. दोनच वर्षांत, १८६४ मध्ये, सरकारने वेगळा फटक्यांचा कायदा करून ती शिक्षा परत आणली. तुरुंग महाग पडत होते आणि छडी स्वस्त होती.

आता चाबकाशेजारी डॉक्टर उभा राहिला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या अटी पाहा. वेत निदान अर्धा इंच जाडीचा हवा. प्रौढाला तीसपेक्षा जास्त फटके नाहीत, सोळा वर्षांखालच्या मुलाला पंधरापेक्षा जास्त नाहीत. बायकांना फटके नाहीत, पंचेचाळीस वर्षांवरच्या पुरुषांना नाहीत. शिक्षा हप्त्याहप्त्याने द्यायची नाही. आणि हजर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने, माणूस ही शिक्षा सोसू शकेल असा दाखला दिल्याशिवाय सुरुवात करायची नाही. मर्गीनानीचे नियम आणि साहेबाचे नियम शेजारी ठेवले तर धर्म, भाषा, शतक सगळे वेगळे, काळजी तीच. शिक्षा व्हावी, पण माणूस शिक्षेच्या जागी मरू नये. काजी आजाऱ्याला पाहून थांबत होता, मॅजिस्ट्रेट डॉक्टरच्या सहीसाठी थांबू लागला.

ही सही किती पोकळ असते ते इंग्लंडने आधीच पाहिले होते. १८४६ मध्ये लंडनजवळ हाउन्स्लोला फ्रेडरिक व्हाइट या घोडदळातल्या शिपायाला दीडशे फटके मारले. पलटणीचा डॉक्टर समोर उभा होता. पाठ भरली, व्हाइटला कामावर जायला तंदुरुस्त ठरवले आणि काही दिवसांनी तो मेला. मृत्यूचा फटक्यांशी संबंध नाही, असे लष्करी डॉक्टरांनी लिहिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक थॉमस वॅकली त्या भागाचा कॉरोनर होता. त्याने चौकशी लावली. इरॅस्मस विल्सन या त्वचारोगतज्ज्ञाने मृतदेह पुन्हा तपासला आणि पाठीच्या कण्यालगतचे खोल स्नायू सडून मऊ पडलेले दाखवले. वरची कातडी भरली होती. आतला मांसल भाग मेला होता. ज्युरीने मृत्यू फटक्यांनीच झाला असा निर्णय दिला. ब्रिटिश सैन्यातली कमाल फटक्यांची संख्या ५० वर आली आणि १८८१ मध्ये ही शिक्षा सैन्यातून गेली.

आज वैद्यकाला या गोष्टी जास्त नीट सांगता येतात. जोराच्या माराने स्नायू फुटतात, त्यांतले प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंड निकामी करू शकते. हे पाठीकडे पाहून दिसत नाही. मनगट तुटले की दोन धमन्या एकदम मोकळ्या होतात. रक्तस्राव थांबला तरी जंतुसंसर्गाची भीती राहते. तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकाची वेदना आयुष्यभर राहू शकते. ‘माणूस सोसू शकेल’ हे आधी सांगण्याचे शास्त्र तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

आपल्याकडे ब्रिटिश राज्यात ही शिक्षा शेवटपर्यंत चालत राहिली. असहकाराच्या चळवळीत बनारसला पकडलेल्या एका कोवळ्या मुलाला पंधरा वेत मारले होते; त्याने कोर्टात आपले नाव ‘आझाद’ सांगितले होते. चंद्रशेखर आझादांच्या पाठीवर सोळा वर्षांखालच्या मुलांची कमाल मर्यादा पुरी करण्यात आली. १८९४ च्या तुरुंग कायद्यातही वेतांची शिक्षा होती आणि तिथेही वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीची अट होती.

औरंगाबाद या सगळ्या काळात निजामाच्या राज्यात होते. १७२४ नंतर आसफजाहांची राजधानी आधी इथेच होती; १७६३ मध्ये ती हैदराबादला गेली. काजी आणि दारुल कजा, म्हणजे काजीचे न्यायालय, यांची परंपरा संस्थानात चालू होती. १८५३ मध्ये सालारजंग पहिले दिवाण झाले आणि पुढच्या तीस वर्षांत त्यांनी कारभाराची व न्यायालयांची नवी घडी बसवली. पुढे संस्थानाने ब्रिटिश भारताच्या धर्तीवर स्वतःची दंडसंहिता केली. मुसलमान राजाच्या या मुलखात विसाव्या शतकात फौजदारी खटले चालले ते संहितेच्या कलमांवर. धर्मशास्त्र उरले ते लग्न, तलाक, वारसा यांपुरते. १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि १९५१ मध्ये भारतीय दंडसंहिता मराठवाड्यालाही लागू झाली. चार वर्षांनी, १९५५ मध्ये, संसदेने फटक्यांची शिक्षाच रद्द केली. तेव्हापासून भारतातल्या कुठल्याही न्यायालयाला, कुठल्याही धर्माच्या माणसाला, शरीरावर मार देण्याची शिक्षा सुनावता येत नाही. हे स्वातंत्र्याच्या पहिल्या दशकातले एक मोठे काम होते आणि त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

सीमेपलीकडे, पाकिस्तानात, काळ उलटा फिरला. १९७८ मध्ये, लष्करी कायद्याखाली, लाहोरात तीन पत्रकारांना फटके मारले; चौथा अपंग होता म्हणून सुटला. फेब्रुवारी १९७९ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद अध्यादेश काढले. फटक्यांच्या अंमलबजावणीच्या अध्यादेशात चाबूक १.२२ मीटरपेक्षा लांब नको, १.२५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको, त्याला गाठ किंवा सांधा नको, असे लिहिले होते. आठशे वर्षांपूर्वीचा नियम मेट्रिक मापात आला होता. डॉक्टरने आधी तपासायचे, चालू असताना हजर राहायचे, धोका दिसला तर थांबवायचे. आणि हात तोडायचा तो अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्यानेच. न्यायालयांनी अशा शिक्षा सुनावल्या. हात मात्र एकाचाही तोडला गेला नाही. तो तोडायला डॉक्टर मिळेनात. कायद्याने ज्या वैद्याला आपल्या बाजूला ओढले होते, त्याच्याच नकाराने कायदा अडला. १९९६ मध्ये पाकिस्तानने हुदूदचे गुन्हे वगळता फटक्यांची शिक्षा काढून टाकली.

सगळीकडे असे घडले नाही. सुदानमध्ये सप्टेंबर १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निमेरींनी शरियतचे दंड लागू केले आणि हात तुटू लागले. या कायद्यांना इस्लामच्याच भूमिकेवरून विरोध करणारे वयोवृद्ध विचारवंत महमूद मुहंमद ताहा यांना जानेवारी १९८५ मध्ये फाशी दिले. तीन महिन्यांत निमेरींची सत्ता गेली. १९९४ मध्ये सद्दाम हुसेनच्या इराकने चोरांचे हात आणि पळून गेलेल्या सैनिकांचे कान कापण्याचे हुकूम काढले. डॉक्टरांना ते करायला लावले, आणि आणखी एक हुकूम काढून अशा खुणा शस्त्रक्रियेने दुरुस्त करणेही गुन्हा ठरवला. पुण्याच्या त्या अनाम शल्यविशारदाने जे कावसजीसाठी केले, ते बगदादच्या सर्जनला मना झाले. जानेवारी २०१५ मध्ये सौदी अरेबियात रैफ बदावी या लेखकाला हजारांपैकी पहिले ५० फटके मारले; पुढच्या आठवड्यात डॉक्टरने जखमा भरल्या नाहीत म्हणून शिक्षा पुढे ढकलायला सांगितली. त्याने बदावीची पाठ वाचवली हे खरे. पण ‘आता भरल्या’ असे तो पुढे कधी लिहिणार होता, हा प्रश्न त्याच तपासणीत होता. ती वेळ आली नाही, आणि एप्रिल २०२० मध्ये सौदीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ताजीर म्हणून फटके मारण्याची शिक्षा संपली. अफगाणिस्तानात २०२२ च्या अखेरीपासून ती भर मैदानात पुन्हा चालू आहे.

वैद्यक व्यवसायाने आपली भूमिका उशिरा घेतली, पण ठाम घेतली. जागतिक वैद्यकीय संघटनेने १९७५ मध्ये टोकियोत ठराव केला की छळ, क्रूर किंवा अमानुष वागणूक यांत डॉक्टरने भाग घेऊ नये, त्याला मूक संमती देऊ नये आणि तिथे हजरही राहू नये. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हीच तत्त्वे मान्य केली. शिक्षेसाठी माणूस योग्य आहे असा दाखला देणेही त्यात अनैतिक ठरले. १८९८ च्या संहितेतल्या डॉक्टरच्या सहीला हे सरळ उत्तर होते. १९८४ च्या छळविरोधी करारात मात्र कायदेशीर शिक्षेतून होणारी वेदना वगळली गेली, आणि तेवढ्या फटीतून अनेक सरकारांचे चाबूक बाहेर राहिले.

हे सगळे परदेशाचे आणि परधर्माचे आहे असे समजून वाचणाऱ्याने थोडे थांबावे. आपल्या कायद्याच्या पुस्तकातून मार गेला, कोठडीतून गेला नाही. म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अकरा सूचना द्याव्या लागल्या, आणि अटकेतल्या माणसाची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी ही त्यातली एक. आज आपल्याकडे चाबकाशेजारचा वैद्य असा उभा आहे. संभाजीनगरातल्या घाटी रुग्णालयात, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, पोलिसांबरोबर आलेला माणूस त्याच्यासमोर बसतो. ‘अंगावर जखमा नाहीत’ असे दोन ओळींत लिहायचे, की शर्ट काढायला लावून पाठ पाहायची, हे त्या डॉक्टरच्या हातात असते. वॅकलीच्या चौकशीत विल्सनने कातडीच्या आत पाहिले म्हणून व्हाइटच्या मृत्यूचे खरे कारण नोंदले गेले. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याने तसेच पाहावे, पोलिसांना खोलीबाहेर थांबवावे आणि दिसेल ते लिहावे. आणि आपण नागरिकांनी त्याच्या मागे उभे राहावे, कारण एकट्या डॉक्टरला हे जड जाते.

छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली. त्याला मान्यता देणारा कायदा संसदेने अजून केलेला नाही.